दालिदा : अनेक भाषांतून घडलेली आंतरराष्ट्रीय कारकीर्द (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दालिदा या गायिकेविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतले निवडक प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक माहितीचे प्रश्न आहेत. त्यानंतर भाषा, बाजारपेठा आणि आकडेवारी यांविषयीचे अधिक गुंतागुंतीचे प्रश्न येतात. एका उत्तरात आलेला तपशील दुसऱ्यात शक्यतो पुन्हा दिलेला नाही. त्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दालिदा नेमक्या कोण होत्या?

इजिप्तमध्ये जन्मलेल्या, इटालियन घरात वाढलेल्या आणि फ्रान्समध्ये नावारूपाला आलेल्या दालिदा (१९३३–१९८७) या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अत्यंत लोकप्रिय गायिकांपैकी एक होत. १९५६ पासून १९८७ पर्यंत, म्हणजे सुमारे तीन दशके, त्या सातत्याने ध्वनिमुद्रण करत होत्या आणि रंगमंचावर गात होत्या. फ्रेंच ही त्यांच्या कारकिर्दीची मुख्य भाषा असली, तरी इटालियन, जर्मन, स्पॅनिश आणि अरबी भाषांतही त्यांचा स्वतंत्र श्रोतृवर्ग तयार झाला. त्यांच्या समकालीनांपैकी पुष्कळांनी परभाषेत एखाद-दुसरे गाणे गायले होते, पण निरनिराळ्या देशांतील श्रोत्यांना आपल्याच वाटणाऱ्या गायिका फार थोड्या झाल्या आणि दालिदा त्यांत होत्या.

२. त्या इटालियन, इजिप्शियन की फ्रेंच?

जन्माने मिळालेले नागरिकत्व इटालियन होते. त्यांचे आईवडील दक्षिण इटलीतील कालाब्रिया प्रांतातल्या सेर्रास्त्रेत्ता या गावाचे. दालिदा यांचा जन्म १७ जानेवारी १९३३ रोजी कैरो शहराच्या शुब्रा भागात झाला. वडील पिएत्रो जिल्योत्ती कैरोच्या ऑपेरागृहात व्हायोलिनवादक होते, तर आई शिवणकाम करत असे. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर इजिप्तमधील इटालियन पुरुषांना ब्रिटिशांनी स्थानबद्ध केले. त्यांत पिएत्रोही होते. ते १९४४ मध्ये खचलेल्या अवस्थेत परतले आणि पुढच्याच वर्षी वारले. १९६१ मध्ये झालेल्या विवाहामुळे दालिदा यांना फ्रेंच नागरिकत्व मिळाले.

कागदोपत्री उत्तर एवढेच आहे. मात्र १९५४ मध्ये ‘मिस इजिप्त’ हा किताब जिंकणारी मुलगी इटालियन नागरिक होती, ही गोष्ट त्या काळच्या कैरोविषयी बरेच काही सांगते. शेजारी अरबी, शाळेत इटालियन आणि शहरातील सुशिक्षितांच्या वर्तुळात फ्रेंच ऐकू येईल अशी तेव्हाच्या कैरोची घडण होती. तीन भाषा येणे ही तेथे कर्तबगारी मानली जात नसे, रोजचा व्यवहारच तसा चाले.

३. ‘दालिदा’ हे खरे नाव आहे का?

नाही. मूळ नाव इओलांडा क्रिस्तिना जिल्योत्ती. इजिप्तमधील चित्रपटांच्या काळात त्यांनी ‘दालिला’ हे नाव घेतले होते. पॅरिसला आल्यावर बायबलमधील सॅमसन आणि दालिला यांच्या कथेची आठवण करून देणारे ते नाव त्यांनी एका लेखकाच्या सूचनेवरून बदलले आणि शेवटच्या ‘ला’ऐवजी ‘दा’ आणला.

४. पॅरिसमध्ये त्यांना पहिली संधी कशी मिळाली?

त्या २५ डिसेंबर १९५४ रोजी पॅरिसला पोहोचल्या त्या चित्रपटात काम करण्यासाठी. चित्रपटांची दारे उघडेनात, तेव्हा त्या कॅबरेंमध्ये गाऊ लागल्या. ९ एप्रिल १९५६ रोजी ओलिंपिया या प्रसिद्ध नाट्यगृहात नवोदितांची स्पर्धा झाली आणि तेथे तीन माणसांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. ओलिंपियाचे संचालक ब्रुनो कोकात्रिक्स, ध्वनिमुद्रिका काढणारे एडी बार्क्ले आणि ‘यूरोप नंबर १’ या नभोवाणी केंद्राचे कलाविभाग प्रमुख लुसिएं मोरिस हे ते तिघे. नाट्यगृह, रेकॉर्ड कंपनी आणि रेडिओ यांची सूत्रे ज्यांच्या हाती होती, त्या सर्वांची पसंती एका नवख्या गायिकेला एकाच संध्याकाळी मिळाली.

यांत रेडिओचा वाटा सर्वांत मोठा होता, असे आमचे मत आहे. फ्रान्समध्ये तेव्हा प्रसारणावर सरकारची मक्तेदारी होती. १९५५ मध्ये सुरू झालेल्या ‘यूरोप नंबर १’ने आपले प्रक्षेपण केंद्र सीमेपलीकडच्या सार भागात (जो आता जर्मनीत आहे) उभारून त्या मक्तेदारीला बगल दिली. या नव्या, खासगी आणि तरुण श्रोत्यांच्या केंद्राला स्वतःचे असे तारे हवे होते. १९५६ च्या अखेरीस आलेले ‘बाम्बिनो’ मोरिस यांनी इतक्या वेळा वाजवले, की ते टाळणे श्रोत्यांना शक्यच राहिले नाही. पुढच्याच वर्षी तीन लाख प्रतींच्या विक्रीबद्दल तिला ‘सुवर्ण तबकडी’चा मान मिळाला आणि त्याच वर्षी दालिदा ओलिंपियामध्ये गायक शार्ल अझ्नाव्हूर यांच्या कार्यक्रमाच्या पूर्वार्धात गायल्या. १९६१ मध्ये दालिदा यांनी ज्यांच्याशी विवाह केला, ते हेच मोरिस. तो विवाह मात्र काही महिन्यांतच संपला.

५. त्या किती भाषांत गायल्या, आणि त्या सगळ्या त्यांना बोलता येत होत्या का?

लेखांतून ‘दहाच्या आसपास’ असा आकडा दिला जातो, पण तो सुटा वाचल्यास दिशाभूल करतो. त्याऐवजी तीन थर कल्पावेत. फ्रेंच, इटालियन आणि इजिप्तची बोली अरबी या भाषांत त्या जगल्या होत्या. जर्मन, स्पॅनिश आणि इंग्रजी या भाषांत त्यांनी बाजारपेठेसाठी गायन केले, काही भाषांत भरपूर तर काहींत बेताचे. तिसऱ्या थरात हिब्रूसारख्या भाषा येतात, ज्यांतली त्यांची गाणी मोजकीच आहेत.

भाषा बोलता येणे आणि त्या भाषेत गाता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. गायकाला एका वेळी तीन मिनिटांचा मजकूर पेलायचा असतो. त्याचे उच्चार शिकवणारा माणूस ध्वनिमुद्रणाच्या वेळी शेजारी उभा राहू शकतो आणि फसलेली ओळ पुन्हा गाता येते. त्यामुळे एखाद्या भाषेत तबकडी निघाली, एवढ्यावरून गायिकेला ती भाषा अवगत होती असे समजू नये. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्या भाषांत दालिदा मुलाखतीत सहज विनोद करू शकत, त्या भाषांत त्यांच्या गायकीलाही निराळा मोकळेपणा येत असे.

६. एकच गाणे त्या चार-पाच भाषांत का गात? हे काम चाले तरी कसे?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि दालिदा यांची कारकीर्द समजून घेण्याची किल्लीही त्यातच आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत पश्चिम युरोपातील प्रत्येक देशाची रेडिओ केंद्रे, रेकॉर्डची दुकाने आणि दूरदर्शनचे कार्यक्रम प्रामुख्याने आपापल्या भाषेवर चालत. परभाषेतील गाणे एका देशात गाजले, की संगीत प्रकाशक त्याचे हक्क शेजारच्या देशातील प्रकाशकाला देत असे. तो स्थानिक गीतकाराकडून त्याच चालीवर नवे शब्द लिहून घेई आणि मग स्थानिक गायक ते गात. नवे शब्द लिहिणाऱ्याला मानधनात हिस्सा मिळे, त्यामुळे हा व्यवसाय भरभराटीला आला होता. मूळ गाणे आणि त्याच्या परदेशी आवृत्त्या यांचा ओघ दोन्ही दिशांनी सतत वाहत असे.

दालिदा या ओघाच्या दोन्ही टोकांना होत्या, हे त्यांचे वेगळेपण. ‘बाम्बिनो’ म्हणजे १९५६ च्या नेपल्स गीत महोत्सवात पहिले आलेले ‘ग्वाल्योने’ हे नापोली बोलीतील गाणे. फ्रेंच शब्द जॅक लारू यांचे. म्हणजे येथे त्या आयात केलेले गाणे गात होत्या. १९५९ मध्ये जिल्बेर बेको यांची चाल असलेले एक फ्रेंच गाणे त्यांनी जर्मन शब्दांत गायले आणि ते पश्चिम जर्मनीत अव्वल ठरले. तेथे त्यांनीच गाणे निर्यात केले. दरवेळी परक्या देशातल्या कोणा गायकाला गाणे देऊन टाकण्याऐवजी त्या देशाची आवृत्तीही आपणच गावी, हे त्यांना भाषांमुळे शक्य झाले. साहजिकच उत्पन्न आणि नाव दोन्ही त्यांच्याकडे राहिले.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात वाद्यमेळाचा तयार ट्रॅक पुष्कळदा तोच ठेवला जाई आणि त्यावर नव्या शब्दांनी आवाज चढवला जाई. म्हणूनच दोन भाषांतील आवृत्त्या एकापाठोपाठ ऐकल्या, तर व्हायोलिनचा प्रवेश अगदी त्याच क्षणी होतो. श्वास घेण्याच्या जागा मात्र बदललेल्या आढळतात, कारण जर्मन ओळ फ्रेंच ओळीच्या ठिकाणी तुटत नाही. हे ऐकण्याची एकदा सवय लागली, की या आवृत्त्यांना नुसत्या नकला म्हणवत नाही.

७. म्हणजे त्या इतरांचीच गाणी गात होत्या का?

बऱ्याच प्रमाणात होय, आणि त्या काळी त्यात कमीपणा नव्हता. दालिदा गीतलेखिका किंवा संगीतकार म्हणून ओळखल्या जात नाहीत. त्या गायिका होत्या, आणि गाण्याची निवड हे त्यांचे खरे कसब होते. १९६० च्या दशकात स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्यांना मान मिळू लागला आणि फ्रेंच समीक्षकांच्या एका वर्गाने दालिदा यांना बरीच वर्षे हलके लेखले. १९५६ मध्ये ‘बाम्बिनो’ स्पॅनिश गायिका ग्लोरिया लासो यांनीही गायले होते. चाल तीच, शब्दही तेच, पण लोकांच्या स्मरणात दालिदा यांचेच गाणे राहिले. गाण्यात गायिकेचा वाटा किती असतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

८. त्यांचे फ्रेंच उच्चार परके वाटतात. ते सुधारले का नाहीत?

फ्रेंच श्रोत्याच्या कानाला सर्वप्रथम जाणवतो तो त्यांचा ‘र’. पॅरिसची फ्रेंच हा वर्ण घशातून काढते, तर दालिदा तो इटालियन पद्धतीने जिभेच्या टोकाने घोळवत. अनेक वर्षे पॅरिसमध्ये राहिल्यावर हा उच्चार बदलणे त्यांना अशक्य नव्हते, पण त्या घोळवलेल्या ‘र’मुळे रेडिओवर दोन ओळींतच गायिका ओळखू येत असे. १९५० च्या दशकातील फ्रेंच श्रोत्यांना भूमध्य समुद्राकाठच्या सुरांची ओढ होती. इटालियन, स्पॅनिश, ग्रीक वळणाची गाणी जोरात चालत. त्या पार्श्वभूमीवर हा उच्चार दोष न ठरता ओळखचिन्ह ठरला.

गंमत अशी, की जर्मन श्रोत्यांनाही त्या परक्याच वाटत आणि तेथेही ते परकेपण आवडले (प्रश्न ९ पाहावा). केवळ इटालियन आणि अरबी गाण्यांत त्यांना ‘बाहेरची’ म्हणून उभे राहता येत नसे, आणि त्या भाषांतील त्यांचा प्रवास वेगळा होण्याचे हे एक कारण असावे.

९. जर्मनीत त्या एवढ्या लोकप्रिय कशा झाल्या?

पश्चिम जर्मनीत १९५० आणि १९६० च्या दशकांत परदेशी गायकांनी जर्मन भाषेत गाणे ही रुळलेली प्रथा होती आणि दालिदा यांच्या १९५९ च्या यशाचा उल्लेख वर आलाच आहे. मात्र तेथे स्पर्धाही कडवी होती. १९६० मध्ये ग्रीक संगीतकार मानोस हाजिदाकिस यांच्या चित्रपटगीताची लाट सर्व युरोपभर आली. दालिदा यांनी ते फ्रेंच, इटालियन आणि जर्मन अशा भाषांत गायले, पण जर्मनीत बाजी मारली ती लाले आंडरसन यांच्या आवृत्तीने. फ्रान्समध्ये मात्र त्याच चालीने दालिदा यांचे स्थान पक्के केले. १९७० च्या दशकातही त्यांची जर्मन गाणी तेथे चालत राहिली.

१०. इटली तर त्यांची मातृभूमी. मग तेथील यश उशिरा का मिळाले?

त्या इटलीत अपरिचित होत्या असे नाही. इटालियन तबकड्या सुरुवातीपासून निघत होत्या. पण इटलीतील लोकप्रियतेचा कळस १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला, आणि त्याला एका शोकांतिकेची किनार आहे.

इटलीतील सान रेमो गीत महोत्सवात तेव्हा प्रत्येक गाणे दोन वेगवेगळ्या गायकांकडून स्वतंत्रपणे सादर करण्याची रीत होती. जानेवारी १९६७ मध्ये इटालियन गायक लुईजी तेंको यांनी लिहिलेले एक गाणे स्वतः तेंको आणि दालिदा अशा दोघांनी गायले. दोघांचे परस्परांवर प्रेम होते. गाणे अंतिम फेरीत पोहोचले नाही आणि त्याच रात्री तेंको यांनी आपले जीवन संपवले. काही आठवड्यांनी दालिदा यांनीही तसा प्रयत्न केला, पण त्या वाचल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या ओलिंपियाच्या रंगमंचावर परतल्या आणि इटालियन दूरदर्शनच्या १९६७–६८ च्या लोकप्रिय गीतस्पर्धेत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला.

या घटनांमुळे इटलीने त्यांना सहानुभूतीपोटी जवळ केले, असा अर्थ काढला जातो. तो आम्हाला अपुरा वाटतो. या काळात त्यांची गायकीच बदलली. आवाज अधिक खालच्या पट्टीत स्थिरावला, शब्दांवरचा भर वाढला आणि हलक्याफुलक्या गाण्यांच्या जागी वय, एकटेपणा, काळाचे ओसरणे असे विषय आले. १९७१ च्या अखेरीस या नव्या गाण्यांचा कार्यक्रम ओलिंपियात करायचा ठरला, तेव्हा कोकात्रिक्स यांना खात्री वाटेना. म्हणून दालिदा यांनी ते नाट्यगृह स्वतःच्या खर्चाने भाड्याने घेतले. कार्यक्रम यशस्वी झाला.

११. १९७० मध्ये त्यांनी रेकॉर्ड कंपनी का बदलली?

त्यांनी आपल्या धाकट्या भावासोबत ‘इंटरनॅशनल शो’ ही स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि बार्क्ले यांची कंपनी सोडली. हा भाऊ ब्रुनो. त्याने व्यवसायासाठी ओर्लांदो हे नाव घेतले होते. (थोरल्या भावाचेही नाव ओर्लांदोच असल्याने कुटुंबाच्या इतिहासात वाचकांचा गोंधळ होतो.) यापुढे कोणते गाणे, कोणत्या भाषेत, कोणत्या देशासाठी, हे घरातच ठरू लागले. परिणाम लगेच दिसला. एका ग्रीक लोकगीतावर आधारलेले ‘दार्ला दिर्लादादा’ त्याच वर्षी गाजले.

१२. आलँ दलों यांच्यासोबतचे द्वंद्वगीत खरोखर द्वंद्वगीत आहे का?

काटेकोरपणे पाहिल्यास नाही, कारण दलों त्यात गातच नाहीत. ‘पारोल, पारोल’ (१९७३) मध्ये ते प्रेमळ, गुळगुळीत वाक्ये नुसती बोलतात आणि दालिदा ती सारी पोकळ बडबड ठरवून गाण्यातून झिडकारतात. मांडणी मूळ इटालियन गाण्याचीच आहे. १९७२ मध्ये गायिका मिना यांनी ते गायले आणि अभिनेते आल्बेर्तो लुपो यांनी संवाद म्हटले. फ्रेंच आवृत्तीला अधिक रंग चढला तो दलों यांच्या पडद्यावरील प्रतिमेमुळे. त्या काळचा सर्वांत देखणा मानला जाणारा नट आर्जवे करतो आणि बाई बधत नाही, यातला खट्याळपणा ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. हे गाणे जपानमध्येही लोकप्रिय झाले.

येथे एक अपवाद लक्षात ठेवावा. दालिदा यांनी हे गाणे जर्मनमध्येही गायले आहे, परंतु त्यातील पुरुषाचा आवाज दलों यांचा नाही. तो फ्रिडरिश श्युटर या जर्मन अभिनेत्याचा आहे. संग्रहांत ही गफलत वारंवार आढळते.

१३. ‘जिजी लामोरोझो’ सात मिनिटांहून मोठे आहे. ते रेडिओवर चालले कसे?

तीन मिनिटांच्या गाण्यांच्या युगात (१९७४) हे धाडसच होते. पण ते गाणे म्हणजे छोटेखानी नाटक आहे. गावातल्या बायकांचा लाडका, नेपल्सकडचा गायक जिजी अमेरिकेत नशीब काढायला जातो, तेथे त्याचे काही चालत नाही आणि तो हिरमुसून गावी परततो. मधले निवेदन दालिदा बोलून करतात, ध्रुवपद इटालियन ढंगात समूहस्वरात येते आणि शेवटी त्या जिजीला ‘गा रे, हे लोक तुझ्यासाठीच जमलेत’ अशा अर्थाने चुचकारतात. निवेदनाची भाषा बदलता येते आणि ध्रुवपद तसेच ठेवता येते. त्यामुळे अनेक भाषांत नेण्यासाठी अशी रचना फार सोयीची ठरते. फ्रान्सबाहेर अनेक देशांत हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. १९८० मध्ये त्याचा पुढचा भागही आला, पण मूळ गाण्याची जादू त्यात नाही.

१४. कैरोत जन्म होऊनही अरबी गाण्यांसाठी १९७७ पर्यंत का थांबावे लागले?

या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. १९५६ मध्ये त्या पॅरिसमध्ये पुढे आल्या, तेव्हा फ्रेंच रेडिओवर बोली अरबीतील गाण्याला जागा नव्हती. पूर्वेची झाक चालत असे, पण ती फ्रेंच शब्दांतून. त्याच वर्षी सुएझ कालव्यावरून संघर्ष पेटला आणि फ्रान्स व इजिप्त यांचे संबंध विकोपाला गेले. दुसऱ्या बाजूने, अरब जगताच्या संगीतात उम्म कुलसुम यांच्यासारख्या गायिकांचा दबदबा होता आणि तेथील दीर्घ, विस्तारत जाणाऱ्या गायनपद्धतीत दालिदा यांचे तीन मिनिटांचे गाणे बसणारे नव्हते. थोडक्यात, भाषा येत होती, पण ते गाणे घेऊन जायचे कुठे, याचे उत्तर नव्हते.

१९७७ मध्ये ‘साल्मा या सलामा’ने ही कोंडी फोडली. इजिप्तचे ख्यातनाम कवी सलाह जाहीन यांचे शब्द, जुने परिचित ध्रुवपद (प्रश्न १५ पाहावा) आणि त्याखाली त्या काळच्या युरोपीय नृत्यसंगीताचा ठेका, अशी ही बांधणी आहे. अरबीसोबतच फ्रेंच, इटालियन आणि जर्मन आवृत्त्या निघाल्या, आणि यश मध्यपूर्वेत तसेच युरोपातही मिळाले. त्यांच्या इतर बहुभाषिक गाण्यांत फ्रेंच किंवा इटालियन आवृत्ती आधी येई. येथे प्रथमच अरबी आवृत्ती केंद्रस्थानी होती.

दोन वर्षांनी आलेले ‘हेल्वा या बलादी’ हे मायदेशाच्या आठवणीचे गाणे. त्यात दालिदा शास्त्रशुद्ध अरबीचा आव आणत नाहीत. कैरोच्या गल्लीत शिकलेली बोली त्या तशीच गातात, आणि आमच्या मते त्यांच्या सर्व भाषांतील गाण्यांत हे सर्वांत कमी सजवलेले आणि म्हणून सर्वांत जवळचे आहे. इजिप्तमध्ये ते आजही राष्ट्रीय भावनेच्या प्रसंगी वाजते, आणि ते गाणाऱ्या बाईकडे इजिप्तचे नागरिकत्व नव्हते याची तेथे कोणाला अडचण वाटत नाही.

१५. ‘साल्मा या सलामा’ हे लोकगीत आहे का?

अनेक ठिकाणी तशी नोंद असली, तरी ती अचूक नाही. त्याचे ध्रुवपद आधुनिक इजिप्शियन संगीताचे प्रवर्तक मानले जाणारे सय्यद दरवीश (१८९२–१९२३) यांच्या गाण्यातून आले आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या कामावर नेलेले इजिप्शियन मजूर सुखरूप घरी परतल्याचा आनंद त्या मूळ गाण्यात होता. दालिदा यांच्या गाण्यातील कडवी मात्र नवी आहेत.

१६. त्या डिस्कोकडे वळल्या, ती तडजोड होती का?

चाहत्यांमध्ये यावर कायम मतभेद असतात. ‘जाताँद्रे’ची १९७५ च्या अखेरीची आवृत्ती फ्रान्समधील डिस्कोच्या आरंभीच्या गाण्यांत गणली जाते, आणि ती मुळात १९३० च्या दशकातील एका इटालियन गीताची फ्रेंच आवृत्ती आहे. जुन्या चालीला नवा ठेका लावणे हे दालिदा यांच्या नेहमीच्या पद्धतीचेच पुढचे पाऊल होते. फरक इतकाच, की यावेळी गाणे एका देशातून दुसऱ्या देशात जाण्याऐवजी एका पिढीतून दुसऱ्या पिढीत गेले. १९७९ च्या ‘लेसे-म्वा दाँसे’सारखे गाणे पोकळ वाटणाऱ्यांची तक्रार आम्हाला समजते, पण जानेवारी १९८० मधील पॅरिसच्या पाले दे स्पोर या भव्य क्रीडागृहातील कार्यक्रमांची चित्रफीत पाहिल्यावर ती तक्रार टिकत नाही. नर्तकांच्या ताफ्यासह, एकामागून एक वेश बदलत, पन्नाशीकडे झुकलेली ही गायिका ज्या जोमाने रंगमंच व्यापते, ते निव्वळ हिशेबाने होणारे काम नाही.

१७. इंग्रजी भाषक देशांत त्यांचे नाव फारसे का नाही?

इंग्रजी गाणी त्यांनी गायली आहेत. १९३७ च्या लंडनमधील संगीतिकेतले ‘लॅम्बेथ वॉक’ त्यांनी १९७८ मध्ये सादर केले आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रमही झाला. तरीही ब्रिटन-अमेरिकेच्या लोकप्रिय क्रमवारीत त्यांना पाय रोवता आला नाही. प्रश्न ६ मध्ये सांगितलेली देवाणघेवाण युरोपातील भाषांमध्ये समपातळीवर चाले, परंतु इंग्रजी बाजारपेठ स्वतःची गाणी बाहेर पाठवी आणि बाहेरची क्वचितच आत घेई. शिवाय फ्रान्स, इटली, जर्मनी, कॅनडाचा फ्रेंच भाषक भाग, मध्यपूर्व आणि जपान एवढा पसारा असताना अमेरिकेत पुन्हा नव्याने उमेदवारी करण्याची त्यांना निकड नव्हती.

१८. त्यांच्या किती तबकड्या विकल्या गेल्या?

दहा कोटींच्या पुढचे, काही ठिकाणी १७ कोटींपर्यंतचे आकडे छापले जातात. हे सारे दावे आहेत, तपासलेली आकडेवारी नव्हे. १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये आजच्यासारखी सर्वमान्य साप्ताहिक क्रमवारीही नव्हती. त्या काळच्या क्रमवाऱ्या पुष्कळशा नंतर जुळवलेल्या आहेत. त्यातच फ्रान्समध्ये तेव्हा चार गाण्यांची छोटी तबकडी प्रचलित होती. ती एक धरायची की चार, यावर बेरीज बदलते. त्यांच्या तबकड्या अनेक देशांत, अनेक भाषांत आणि प्रचंड प्रमाणात विकल्या गेल्या, एवढे निर्विवाद आहे.

१९. त्यांनी चित्रपटांतही काम केले का?

होय, पण गायनाइतके यश मिळाले नाही. अपवाद १९८६ चा. युसूफ शाहीन यांच्या ‘सहावा दिवस’ या चित्रपटात त्यांनी १९४७ च्या कॉलऱ्याच्या साथीत नातवाला जपणाऱ्या गरीब धोबिणीची भूमिका केली. झगमगीत पोशाख नाही, रंगरंगोटी नाही आणि भाषा इजिप्तची. आंद्रे शेदीद यांच्या कादंबरीवरील हा चित्रपट त्यांच्या अभिनयाचे सर्वोत्तम उदाहरण आहे.

२०. त्यांचा शेवट कसा झाला?

३ मे १९८७ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र भागातील आपल्या घरी त्यांनी आयुष्य संपवले. वय ५४ होते. त्याआधी त्यांच्या जवळच्या तीन पुरुषांनी, म्हणजे तेंको (१९६७), मोरिस (१९७०) आणि रिशार शाँफ्रे (१९८३) यांनी, असाच मार्ग पत्करला होता. काही लेखक त्यांची सारी गाणी या घटनांच्या उजेडात वाचतात. तसे केल्याने जिजी, जुने ठेके आणि खट्याळ संवाद यांतील विनोदबुद्धी नजरेआड होते, म्हणून आम्ही तसे करत नाही. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे; जवळच्या एका चौकाला १९९७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले आणि २००१ मध्ये फ्रान्सने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले.

२१. बाजारात असंख्य संग्रह आहेत. मूळ ध्वनिमुद्रण कोणते, हे कसे ओळखावे?

प्रथम साल पाहावे. १९५६ ते १९७० ची गाणी बार्क्ले यांच्या कंपनीसाठी झाली आणि त्यानंतरची ओर्लांदो यांच्या निर्मितीत. त्यामुळे दोन कालखंडांचे संग्रह दीर्घकाळ वेगवेगळे निघत राहिले, आणि केवळ एकाच खंडावरून मत बनवणाऱ्याला अर्धीच गायिका ऐकायला मिळते. दुसरे असे, की त्यांच्या निधनानंतर ओर्लांदो यांनी जुन्या आवाजाखाली नवे ठेके घालून अनेक रिमिक्स प्रसिद्ध केले. ती गाणी दालिदा यांनी त्या रूपात कधी ऐकलेली नाहीत. तेव्हा गाण्याचे नाव परिचित, पण ढोलाचा ठेका १९९० च्या दशकातील वाटला, तर प्रकाशनाचे साल आणि आवृत्तीचा उल्लेख तपासावा. तिसरी अडचण भाषेची. एकाच नावाखाली इटालियन किंवा जर्मन आवृत्ती असू शकते, म्हणून विकत घेण्यापूर्वी पहिली ओळ ऐकून पाहणे बरे. सुरुवात कोठून करावी असे विचारणाऱ्यांना आम्ही ‘बाम्बिनो’, ‘जिजी लामोरोझो’ची फ्रेंच आणि इटालियन अशी दोन्ही रूपे आणि ‘हेल्वा या बलादी’ याच क्रमाने ऐकायला सांगतो.